व्यसनमुक्ती केंद्र निवडताना: आधी काय विचारायचं, काय पाहायचं

घरातल्या माणसाला केंद्रात ठेवायचं, हा निर्णय बहुतेक घरांत रात्री होतो. मारहाण झालेली असते किंवा तो गटाराच्या कडेला पडलेला सापडलेला असतो. शेजारचं कोणीतरी म्हणतं, "एक नंबर आहे माझ्याकडे." आणि उजाडायच्या आत दारात गाडी उभी राहते. आमच्याकडे असंच झालं होतं. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, आम्ही आठ वर्षांत तीन ठिकाणी ठेवलं. पहिल्या दोन वेळा आम्ही इमारत पाहिली, फी विचारली आणि सह्या करून मोकळे झालो. तिसऱ्या वेळी मात्र वहिनीनं प्रश्नांचा कागदच बरोबर नेला होता.

ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्याभोवतीच फिरतं. कुठलंही केंद्र तुम्हाला मधले दिवस दाखवतं: सकाळची योगासनं, प्रार्थना, बाग, जेवणाची पंगत. तुम्ही विचारायचं ते दोन टोकांबद्दल. पहिल्या आठवड्यात त्याच्या शरीराकडे कोण बघणार? आणि घरी आल्यावर पुढचं वर्षभर त्याच्या पाठीशी कोण असणार? या दोन प्रश्नांना नीट उत्तर मिळालं नाही, तर बागेत कितीही गुलाब असोत, तिथून परत फिरा.

पहिली पायरी: सगळं कागदावर लिहून काढा

"खूप पितो हो" एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. देशी पितो की विदेशी, दिवसाला किती क्वार्टर, किती वर्षांपासून, हे लिहा. सकाळी उठल्या उठल्या लागते का, हे तर नक्कीच लिहा. सकाळी घेतल्याशिवाय हात थरथरत असतील, चहाचा कप धरता येत नसेल, तर शरीर दारूवर अवलंबून झालं आहे असं समजायचं. पूर्वी कधी अचानक बंद केली होती का? तेव्हा फिट आली होती का, भास झाले होते का? कावीळ, रक्ताची उलटी, शुगर, बीपी, डोक्याला मार, चालू असलेल्या गोळ्या, सगळं त्यात यायला हवं.

दारूखेरीज काही आहे का, तेही शोधा. गांजा, एमडी (मेफेड्रोन ही नशेची पावडर), गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइन), खोकल्याचं औषध, ज्यांना पोरं 'बटण' म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या. घरच्यांना यातलं निम्मंच माहीत असतं, म्हणून शक्य असेल तर त्यालाच विचारा, तो शुद्धीत असताना आणि भांडणाचा सूर न लावता. मरणाची भाषा कधी केली असेल, तर ते कागदाच्या सगळ्यात वर लिहा.

दुसरी पायरी: केंद्राआधी मानसोपचारतज्ज्ञ

आम्ही पहिल्यांदा चुकलो ते इथेच. आम्हाला वाटत होतं की व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे दवाखानाच. ते तसं असेलच असं नाही. काही केंद्रांत डॉक्टर महिन्यातून एकदा सही करायला येतात.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडली, तर सहा ते चोवीस तासांत कापरं, घाम, मळमळ, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. आपण कुठे आहोत ते कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. यात माणूस दगावू शकतो. योग्य औषधं आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, वेळेवर दिलं तर हा धोका बराच टळतो. म्हणून "खोलीत कोंडून ठेवू, चार दिवसांत उतरेल" हा उपाय घरी करू नका आणि दुसऱ्या कोणालाही करू देऊ नका. फिट आली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर केंद्र शोधत बसू नका. १०८ ला फोन करून सरळ रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. झोपेच्या गोळ्यांची सवयसुद्धा एकदम तोडायची नसते, डोस हळूहळू उतरवावा लागतो.

गर्दचं वेगळं आहे. ती सोडताना जी टर्की येते, तिच्यात अंग मोडून येतं, जुलाब होतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, रात्र रात्र झोप नसते. बघवत नाही इतका त्रास असतो, पण दारूसारखा तो सहसा जिवावर बेतत नाही. खरा धोका पुढे असतो. महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि बाहेर आल्यावर जुन्याच मापानं घेतलं तर श्वास बंद पडू शकतो. गर्दवाल्या मुलाच्या आईवडिलांना ही गोष्ट डिस्चार्जच्या दिवशी कोणीतरी स्पष्ट सांगायलाच हवी.

मानसोपचारतज्ज्ञ कागद वाचतील, तपासतील, लिव्हरच्या आणि इतर रक्ततपासण्या करायला सांगतील आणि मग सांगतील की भरती करायची गरज आहे की नाही. अनेकांना ती नसते. ओपीडीत औषधं, दर आठवड्याला समुपदेशन आणि घरचा आधार यावर बरेच जण सावरतात, नोकरीही टिकते. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत असं दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही तरी उपचार मिळतो. मला वाटतं, याचं एक कारण हेही असावं की उपचार म्हणजे महिनाभर कोंडून ठेवणं अशीच आपली समजूत आहे, आणि तेवढी वेळ येईपर्यंत आपण थांबून राहतो.

दारूची ओढ कमी करणारी औषधं आहेत, नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट. ती कोणाला चालतील हे लिव्हर आणि किडनी पाहून ठरतं. डायसल्फिरम वेगळं आहे: ते घेतलेलं असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती आपण भिंतींवर वाचतो. त्यांची पुडी भाजीत कालवणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. त्यांचा हेतू समजतो, पण त्या पुडीत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि डायसल्फिरमसारखं काही असेल तर पेशंटच्या नकळत ते देणं त्याच्या जिवाशी खेळणं आहे. ही गोळी द्यायची ती त्याला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

तिसरी पायरी: शोधायचं कुठे

सुरुवात सरकारी रुग्णालयापासून करा. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. मुंबईत केईएम, सायन, नायर आहेत. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीची आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. 'मनोरुग्णालय' हा शब्द ऐकून आईनं डोळ्याला पदर लावला होता. पण दादाला पहिल्यांदा नीट तपासलं गेलं ते सरकारी ओपीडीतच.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था निवासी केंद्रं चालवतात. तिथे राहणं, जेवण, उपचार मोफत असतात. आपल्या जवळचं केंद्र कुठलं, हे १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारता येतं. मनःस्थितीबद्दल बोलायचं असेल, तुमच्या स्वतःच्याही, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

स्वयंसेवी संस्थांत पुण्याचं मुक्तांगण आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये सुरू केलं. तिथला निवासी कार्यक्रम पाच आठवड्यांचा असतो, आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसं तिथे कार्यकर्ते म्हणून काम करतात. स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. बाईचं व्यसन घरच्यांनी वर्षानुवर्षं झाकून ठेवलेलं असतं आणि स्त्रियांसाठी जागाही थोड्याच असतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. मुंबईतून सुरू झालेल्या कृपा फाउंडेशनची केंद्रं अनेक राज्यांत आहेत. गडचिरोलीत 'मुक्तिपथ' तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचाराचे दवाखाने चालवतं, म्हणजे शहर गाठायची गरज पडत नाही. ही नावं उदाहरणादाखल आहेत. तुमच्या माणसाला काय लागेल, हे दुसऱ्या पायरीवरच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

चौथी पायरी: स्वतः जाऊन पाहा

फोनवर प्रवेश ठरवू नका. पेशंटला न घेता आधी एकदा जाऊन या, आणि शक्य असेल तर आगाऊ न कळवता जा.

पहिला प्रश्न नोंदणीचा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि ड्रग्जच्या व्यसनाशी निगडित मानसिक विकारांनाही लागू होतो. असे रुग्ण ठेवून उपचार करणाऱ्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. "प्रमाणपत्र दाखवता का?" असं सरळ विचारा. ट्रस्टच्या नोंदणीचा कागद पुढे केला, तर तो हा नव्हे. तक्रार जिथे करायची त्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन भिंतीवर लावलेला असायला हवा.

मग पहिल्या टोकाचे प्रश्न. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री नर्स असते का? रात्री दोन वाजता फिट आली तर काय करता, कुठल्या रुग्णालयात नेता, गाडी कोणाची? पेशंटची शुगरची, फिटची किंवा मानसिक आजाराची औषधं चालू ठेवता ना? "आम्ही सगळ्या गोळ्या बंद करतो, इथे औषध लागत नाही" असं कोणी अभिमानानं सांगितलं, तर तिथून निघा. आमच्या पहिल्या केंद्रात हेच अभिमानानं सांगितलं होतं. दादाला तिसऱ्या रात्री फिट आली, कपाळ फुटलं, आणि आम्हाला ते पंचेचाळीस दिवसांनी, टाके सुकल्यावर कळलं. तोवर फोन नाही, भेट नाही, "पेशंट मजेत आहे" एवढंच उत्तर.

आत गेल्यावर झोपायची जागा आणि संडास-बाथरूम पाहा. कडी कुठल्या बाजूनं आहे ते पाहा. एका खोलीत किती माणसं आहेत ते मोजा. अठरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ठेवली असतील तर ते चूक आहे, त्यांची सोय वेगळीच हवी. तिथल्या दोन-तीन पेशंटांशी कार्यकर्ता जवळ नसताना बोलता येईल का, हे विचारा. चांगल्या ठिकाणी "बोला की" म्हणतात. एखादा पेशंट बोलण्याआधी दाराकडे बघत असेल, तर तेही लक्षात ठेवा.

साखळी, मारहाण, उपाशी ठेवणं, शिक्षा म्हणून रात्रभर उभं करणं, यातलं काहीही उपचारात मोडत नाही. साखळदंडानं बांधून ठेवायला कायद्यानं बंदी आहे. "दोन ठेवून दिल्याशिवाय हे लोक ऐकत नाहीत" असं सांगणारे भेटतील, आणि दमलेल्या घरच्यांना ते पटतंसुद्धा. आम्हालाही पटलं होतं. दादा तिथून आल्यावर नवव्या दिवशी प्यायला, आणि त्यानंतर 'केंद्र' हा शब्द काढला तरी घरातून निघून जायचा. पुढची तीन वर्षं आम्ही त्यात घालवली.

यशाचे आकडे सांगितले तर उलट प्रश्न विचारा: किती महिन्यांनी मोजलं, कसं मोजलं? '१०० टक्के गॅरंटी' देणाऱ्याला तर विचारायचीही गरज नाही. हा आजार उलटतो, मधुमेहासारखा वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो, आणि हे जे आधीच सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आठवड्याचं वेळापत्रक लेखी मागा. गटात बसणं सगळीकडे असतं. एकट्याशी बोलणारा समुपदेशक आठवड्यातून किती वेळ देतो आणि त्याचं शिक्षण काय आहे, हे पाहा. स्वतः व्यसनातून बाहेर आलेला कार्यकर्ता फार मोलाचा असतो. दादाला पहिल्यांदा बोलतं केलं ते अशाच एका काकांनी. पण सगळा कारभार अशाच लोकांवर असेल आणि शिकलेला माणूस एकही नसेल, तर ते पुरेसं नाही.

पाचवी पायरी: त्याची संमती

'पिकअप' हा शब्द तुम्हाला ऐकायला मिळेल. चार धट्टीकट्टी माणसं येतात, त्याला उचलून गाडीत घालतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. असं करायला घरच्यांची सही पुरेशी नाही. माणूस स्वतः तयार नसेल तर कायद्यात वेगळी वाट आहे. तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला निघाला असेल, किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याच्या वतीनं निर्णयात मदत करायला कायद्यानं नेमलेल्या माणसाच्या, अर्जावर, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे तपासून भरती करता येतं. ती मुदत सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवसांची असते, आणि पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं.

बाकीच्यांना राजी करावं लागतं. त्याला वेळ लागतो, पण तो वेळ वाया जात नाही. दादा तिसऱ्या वेळी तयार झाला तो आम्ही समजावल्यामुळे नव्हे. डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं, "तुम्हाला स्वतःला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" तो म्हणाला, "झोप लागत नाही." ते म्हणाले, "मग आपण झोपेपासून सुरू करू." तेवढ्यावर तो आला.

सुरुवातीचे काही दिवस फोन बंद ठेवायची पद्धत काही चांगल्या केंद्रांतही असते. पेशंटला आधी सांगून, त्याची हरकत नसेल तर ते मला गैर वाटत नाही. घरच्यांनी त्याला डोळ्यांनी बघायचंच नाही, असा नियम मात्र मान्य करू नका.

मुलगा एमडी किंवा गर्द घेतो आणि पोलिसांच्या भीतीनं तुम्ही उपचार टाळत असाल, तर हे माहीत असू द्या: अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, फक्त सेवनाचा किंवा अगदी थोड्या प्रमाणातल्या अमली पदार्थाचा आरोप असलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतलं जाऊ शकतं. गुन्हा आधीच नोंदलेला असेल तर वकिलाला भेटा.

पैसे

खर्चाची यादी लेखी घ्या: राहणं-जेवण, औषधं, रक्ततपासण्या, बाहेरच्या रुग्णालयात नेल्यास काय, मध्येच सोडल्यास आगाऊ रक्कम परत मिळते का. मेडिक्लेमवर विसंबू नका. बहुतेक पॉलिसींच्या अपवादांच्या यादीत दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाचा उपचार असतो, त्यामुळे कागद वाचून कंपनीला लेखी विचारा. आमचं दुसरं केंद्र सगळ्यात महागडं होतं. एसी खोली होती आणि फॉलोअप नव्हता. आईच्या पाटल्या त्यात गेल्या.

शेवटची पायरी, आणि सगळ्यात लांब: घरी आल्यानंतर

हे दुसरं टोक. भरतीच्या दिवशीच विचारा की डिस्चार्जनंतर काय आहे. फॉलोअप किती दिवसांनी, कोणाकडे? गाव लांब असेल तर फोनवर चालेल का? औषधं किती महिने? उपचाराशी जोडलेलं राहणं तीन महिन्यांच्या आत तुटलं तर त्याचा फारसा उपयोग होत नाही, असं या क्षेत्रातले जाणकार सांगतात. म्हणजे पाच आठवड्यांचं राहणं ही फक्त सुरुवात असते.

गर्दवाल्यांना ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे गर्दची ओढ आणि टर्की आवरणारी, गोळी दीर्घकाळ द्यावी लागू शकते. "एक नशा सोडवून दुसरी लावली" असं नातेवाईक म्हणतील. देखरेखीखाली घेतलेल्या या औषधानं ओव्हरडोसनं होणारे मृत्यू कमी होतात. ती कधी थांबवायची हे डॉक्टरांनी ठरवायचं, मामांनी नव्हे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हा दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट आहे. त्याच्या मीटिंगांना पैसे लागत नाहीत, नाव उघड करावं लागत नाही, आणि महाराष्ट्रात त्या मराठीतही होतात. घरच्यांसाठी असाच अल-अनॉन हा गट आहे. वहिनी तिथे जायला लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की इतकी वर्षं ती दादाच्या मालकाला "ताप आलाय" म्हणून फोन करत होती, उधाऱ्या फेडत होती, आणि त्यानं पिण्याची वाट सोपी होत होती. घरच्यांचं समुपदेशन ज्या केंद्रात होत नाही, त्या केंद्राचा निम्मा उपचार राहून जातो, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या वर्षाचं कॅलेंडर समोर घेऊन बसा. गटारी, थर्टी फर्स्ट, भावकीतल्या हळदी, पगाराचा दिवस. प्रत्येक तारखेला तो कुठे असेल, बरोबर कोण असेल, हे त्याच्याशी बोलून आधी ठरवा. पगार हातात घ्यायचा की बायकोच्या खात्यात टाकायचा, हेही त्यालाच ठरवू द्या.

आणि केंद्राला हा शेवटचा प्रश्न विचाराच: "तो पुन्हा प्यायला तर तुम्ही काय करता?" दादा अकराव्या महिन्यात एका हळदीत प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतःच समुपदेशकाला फोन लावला, कारण डिस्चार्जच्या दिवशी तो नंबर त्यांनी त्याच्याच हातानं मोबाइलमध्ये सेव्ह करून घेतला होता. "कधी प्यायलात, किती, आता हात थरथरतायत का?" एवढंच त्यांनी विचारलं. दुपारी डॉक्टरांनी तपासलं, औषध बदललं, पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड बोलावलं. पुन्हा भरती करावं लागलं नाही.